सुरजचं टोकन

भिकाजी आबांच्या घरातला वायफाय हा कामशेतच्या त्या गल्लीत चेष्टेचा विषय होता. इतरांच्या घरी ते पांढरं डबडं टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेलं असतं, बंद पडलं की दोन चापट्या खातं आणि मुकाट चालू होतं. आबांच्या घरी त्याला भिंतीवर स्वतःची फळी होती. सकाळी बाबासाहेबांची तसबीर पुसून झाली की त्याच मऊ फडक्यानं राउटर पुसला जायचा. मग आबा चष्मा लावून मुलाच्या जुन्या संगणकासमोर बसायचे आणि राउटरवर कोण कोण हजर आहे ते बघायचे. घरात आबा एकटेच. तरी हजेरी व्हायची.

यात वेड लागण्यासारखं काही नव्हतं. माणसाचा जन्म ज्या कामात जातो ते काम त्याच्या हाडात मुरतं. आबांची सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत, फाटकाजवळच्या टाइम ऑफिसात गेली. तिथे खिळ्यांचा लांबच लांब फळा होता आणि प्रत्येक खिळ्याखाली नंबर होता. कामगारानं आत शिरताना आपलं पितळी टोकन आपल्या खिळ्याला अडकवायचं. भोंगा झाला की खिडकी बंद. टोकन फळ्यावर असेल तर माणूस हजर, नसेल तर गैरहजर, मग तो फाटकाबाहेर उभा राहून कितीही हात हलवेना का. दुसऱ्याचं टोकन अडकवणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. एकदा आबांच्या शेजारच्यानंच मित्रासाठी तो केला, आणि आबांनी शेजार बघितला नाही, रिपोर्ट केला. "टोकन म्हंजी माणूस," हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवायचे. स्वभाव एक घाव दोन तुकडे. त्यांची बायको शालन म्हणायची, "ह्यांच्या डोक्यातली खिडकी एकदा बंद झाली की कुणाच्या बापाला उघडत न्हाई."

तो राउटर घरात आला लॉकडाऊनमध्ये. धाकट्या अमृताला कॉलेजचे तास घरून करायचे होते. थोरला सुरज त्या वेळी घरीच होता, आणि तेच घरातलं दुखणं होतं. तळेगावच्या कंपनीतली पक्की होऊ घातलेली नोकरी सोडून हा गडी डोंगरावर जाऊन पुण्या-मुंबईच्या लोकांना छत्रीला बांधून हवेत उडवत होता. पॅराग्लायडिंग. आबांना तो शब्दही तोंडातून काढवत नसे. "वाऱ्यावरची वरात," एवढंच म्हणायचे. लॉकडाऊननं उडणं थांबवलं, तेव्हा बाप निवृत्त आणि मुलगा रिकामा, असे दोघं एका छपराखाली आले. सकाळी चहावरून सुरू व्हायचं ते रात्री दार लावण्यावरून संपायचं.

आणि मग टीव्ही लावला की अमृताचा फोन बंद पडायला लागला. जोडणारा माणूस टीव्हीला हातानं एक नंबर घालून गेला होता, आणि तोच नंबर राउटरनं अमृताच्या फोनला दिला होता.

"दोगांना एकच नंबर गेलाय," सुरज संगणकात बघत म्हणाला.

"म्हंजी एका खिळ्याला दोन टोकनं?" आबांनी खुर्ची ओढली.

सुरजनं बापाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. "बराबर. आबा, ह्या डबड्यात तुमच्यासारखाच एक बाबू बसलाय. त्याचं नाव डीएचसीपी. घरात फोन आला की त्यो त्याला नंबर देतो, त्या नंबरालाच पत्ता म्हणत्यात. कुटल्या नंबरापास्नं कुटल्या नंबरापर्यंत वाटायचे, ते आपण त्याला सांगायचं. एकाद्याचा नंबर कायमचा राखून ठेवायचा, तरी सांगता येतं."

"आन् ही खालची ओळ?"

"डीएनएस. ती चौकशीची खिडकी. आपण नाव सांगायचं, ती पत्ता शोधून देती. कंपनीची खिडकी लय झोपाळू हाय, म्हणून पानं उघडत न्हाईत. आपण दुसरी लावू."

त्या दुपारी बापलेक जेवायला उठले नाहीत. शालननं भाकरी आणि सुकटीचं कालवण संगणकाशीच आणून दिलं. एकेका फोनची ओळख बघून आबांनी प्रत्येकाला कायमचा नंबर नेमून दिला. शालन, आबा, सुरज, अमृता, टीव्ही, संगणक. पासवर्ड सुरजनं ठरवला: आईचं नाव, पुढे आबांचा डेपोतला टोकन नंबर. शेवटी यादीत सगळी नावं हिरव्या ठिपक्यासकट उभी राहिली तेव्हा आबा बराच वेळ बघत बसले. "सगळी हजर," ते म्हणाले. शालन नंतर सांगायची, पोराच्या जन्मानंतर यांना इतकं खुश मी बघितलं नव्हतं.

लॉकडाऊन उठला आणि सुरज पुन्हा डोंगरावर गेला. अमृताला पुण्यात नोकरी लागली, लग्न होऊन ती पिंपरीला गेली. पुढे एका वर्षी, भाताची कापणी चालू असताना, शालनला भरदुपारी छातीत कळ आली. आबांनी सुरजला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. डोंगराच्या त्या अंगाला रेंज नसते, हे आबांना माहीत होतं. शेजारच्या अनितानं रिक्षा आणली. तळेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शालन आबांच्या मांडीवर होती आणि दारात पोचल्यावर नव्हती. सुरज आला तो संध्याकाळी, अंगावर अजून ते उडतानाचं पट्ट्यांचं जाकीट, आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

शालनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. भन्तेजींनी वंदना घेतली, खीर वाढून झाली. कुणीतरी सुरजला सहज विचारलं, त्या दिवशी होतास कुठे. सुरज काही बोलायच्या आत आबा बोलले. सगळ्या भावकीसमोर, न ओरडता, डेपोतल्या आवाजात.

"ज्याचं टोकन फळ्यावर न्हाई त्यो गैरहजर. आईच्या वक्ताला तू गैरहजर. ह्या घरातलं तुजं टोकन आजपास्नं काढलं."

अमृताही त्या दिवशी बापाच्याच बाजूनं बोलली. सुरजनं कपडे पिशवीत भरले, आईच्या फोटोला हात लावला आणि निघून गेला. नंतर त्याचा नंबर बंद लागायला लागला. बहिणीलाही त्यानं नवा नंबर दिला नाही. लोणावळ्याकडे कुठेतरी असतो, एवढंच लोक सांगत.

तोंडानं टोकन काढणं सोपं होतं. संगणकावर तेच करायला आबा त्या रात्री बसले, सुरजच्या नावावर बाण नेला, आणि संगणक बंद करून उठले. शालनचं नाव राहिलं तसं सुरजचंही राहिलं. दोन्ही करडी, ठिपका विझलेली. आबा रोज हजेरी घ्यायचे आणि त्या दोन नावांवर त्यांची नजर अडायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आबांचा सुंभ कधीच जळला होता, आणि पीळ तेवढा राखेत दिसत होता.

आणि एका संध्याकाळी सुरजच्या नावाचा ठिपका हिरवा झाला.

आबांनी चष्मा काढून पुसला. ठिपका हिरवाच. राउटरची रेंज ती केवढी, ओटा आणि गल्लीचा तेवढा तुकडा. म्हणजे पोरगा दारात उभा होता. उठून दार उघडायला चार पावलं पुरली असती. ते उठले नाहीत. एक तर बाहेर गेलो आणि तो पळाला तर, ही भीती. आणि भीतीच्या खाली तो पीळ: मी घालवलाय, मीच कसा बोलावू, उंबरा त्यानं ओलांडायचा. थोड्या वेळानं ठिपका विझला. आबा तसेच खुर्चीत बसून रडले, आणि खरं सांगायचं तर ते आनंदानं रडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच सुमाराला. मग जवळजवळ रोजच. म्हाताऱ्याला पालवी फुटली. दिवेलागणीला ओट्यावरचा दिवा लागायला लागला. दोन भाकरी जास्त थापल्या जायला लागल्या. ठिपका हिरवा झाला की आबा बंद दाराशी जाऊन, कानाला फोन लावून, पलीकडे कुणी नसताना मोठ्यानं बोलायचे, "घर काय, उघडंच हाय. ज्याला यायचं त्यानं यावं. म्या कुटं अडवलंय." गल्लीत मोटरसायकल उभी करून अनिताकडे दूध घालणारा वडिवळ्याचा गोरख एवढ्यासाठी त्यांच्या शिव्या खायचा. "गाडी पल्याड घे, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट ठेव," असं ते खिडकीतून ओरडायचे. बिचारा गोरख गाडी पुढे सरकवायचा.

एके संध्याकाळी ठिपका लागला आणि लगेच गेला. शोधल्यावर दिसलं, यादीत परक्या फोनांची गर्दी. अनिताच्या भाडेकरूंना पासवर्ड कळला होता आणि सगळी पोरं ओट्याला टेकून फुकट नेट ओढत होती. आबांना वाटलं, नेट रखडलं म्हणून सुरज वैतागून गेला. पासवर्ड बदलता आला असता. पण बदलला तर सुरजचा फोनही बाहेर राहणार, आणि पोराशी होतं ते एवढंच नातं तुटणार. मग त्यांनी डेपोचा उपाय केला. डीएचसीपीला वाटायला जेवढे नंबर दिले होते ते आवळून फक्त नेमलेल्या टोकनांपुरते ठेवले. टोकन असेल त्याला नंबर, बाकी कुणी पासवर्ड सांगून आत आलं तरी त्याला पत्ता नाही. भाडेकरू दोन दिवस फोन हलवून बघून थकले. सुरजचा ठिपका पुन्हा नेमानं लागायला लागला. "खिडकी बंद केल्याबिगर शिस्त लागत न्हाई," आबा शालनच्या फोटोला म्हणाले.

शालनचा स्मृतिदिन आला. आबांनी फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि संगणकाशी बसले. दिवेलागणीला ठिपका हिरवा झाला, आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ राहिला. आईच्या दिवशी पोरगा दारात थांबलाय. आत येत नाही, पण थांबलाय. त्या रात्री आबांनी ठरवलं, की त्याला माफ केलं. फक्त त्यानं आत यायचं बाकी राहिलं.

माफी देऊन मोकळ्या झालेल्या माणसासारखं सुख कुणाला नसतं. त्या सुखात आबांचा हिवाळा-उन्हाळा गेला, पावसाळाही गेला.

गणपतीनंतर अमृता आठवडाभर राहायला आली. तिच्या सोसायटीत दुरुस्ती निघाली होती आणि ऑफिसचं काम कुठूनही केलं तरी चालत होतं. तिनं ऑफिसचा लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, आणि ते चक्र फिरत राहिलं.

"आबा, याला पत्ता का मिळत नाहीये?"

"टोकन न्हाई त्याला."

अमृतानं राउटरचं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. "सहाच नंबर ठेवलेत? आणि सहाच्या सहा राखीव? आबा, घरात नवीन माणूस आला तर त्यानं काय करायचं?"

"नवीन कोण येतंय हितं. टीव्हीचं टोकन घे तू."

"टीव्हीचं कशाला? आईचा फोन बंद पडून किती—" अमृता थांबली. तो विषय त्या घरात काढता येत नव्हता. ती पुन्हा पडद्याकडे वळली, आणि तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर ठिपका हिरवा झाला. "सुरज," ती म्हणाली. "आबा, दादा आलाय?"

"येतो," आबा शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा मालकीहक्कही होता. "रोज येतो. बाहीर हुबा राहतो आन् जातो. तू बस. जाऊ नगंस. लाजंल त्यो."

पण अमृताच्या अंगात तो पीळ नव्हता. ती अनवाणीच धावली. दार सताड उघडलं, ओट्यावरून उतरली, गल्लीत गेली. आबा खुर्चीचे हात धरून बसले. इतक्या दिवसांत जे दार त्यांनी उघडलं नव्हतं ते आता उघडं होतं आणि त्यातून संध्याकाळचा उजेड आत येत होता. सुरजचा आवाज कानावर पडेल म्हणून त्यांनी श्वास धरला.

आवाज आला तो गोरखचा. "न्हाई वो ताई, म्या हाय. दूध घालाय आलोय."

अमृता त्याला घेऊनच आत आली. गोरखच्या हातात फोन होता, त्यावर बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ अर्धा उतरला होता. आबांनी तो फोन ओळखला. कोपऱ्यातली ती चीर सुरजचा फोन डोंगरावर पडला तेव्हाची, त्यावरून घरात भांडण झालेलं.

"ह्यो तुज्याकडं कसा?"

गोरख चाचरला. तो सुरजबरोबर शाळेत होता. "सुरजनंच दिला, आबा. माजा फोन धरणात पडला, तवा त्यानं नवा घेतलाच व्हता, म्हनला ह्यो वापर जसाच्या तसा. हितं आल्यावर तुमचं नेट आपसूक लागाय लागलं. म्हनलं उतरवून घ्यावं दोन-चार व्हिडिओ. त्याला सांगितलं न्हाई. म्हनंल, माज्या बापाचं नेट फुकट वापरतो." मग त्यानं आबांचा चेहरा बघितला. "चुकलं असंल तर बंद करतो."

"त्यो... सुरज कदी हितं आला न्हाई?"

"मला न्हाई ठावं. त्यानं तुमचा इषय काढायचा न्हाई म्हनून सांगितलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो प्रकार. गाडी पुढे घे म्हणून ज्याच्यावर रोज ओरडत होते त्याच्याच खिशात सुरज होता. दुसऱ्याचं टोकन कुणी अडकवेल, ही शंका डेपोत आयुष्य काढलेल्या माणसाला आली नाही असं नाही. पण आपल्या घरात कुणाची छाती होणार, अशी त्यांची समजूत. टोकन म्हणजे माणूस. ओट्यावरचा दिवा, जास्तीच्या भाकऱ्या, बंद दाराशी केलेली भाषणं, आणि ती थोर मनानं दिलेली माफी, सगळं एका दूधवाल्यासाठी झालं होतं. आबांना शरम वाटली. पण शरमेपेक्षा मोठी गोष्ट हळूहळू आत उतरत होती. पोरगा दारात नव्हता. कधीच नव्हता. आपण त्याची वाट बघतोय हे त्याला माहीतही नव्हतं.

"गोरख," ते म्हणाले, "कुटं राहतो रं त्यो?"

नावावरून पत्ता काढायची खिडकी भिंतीवर लावून बसलेल्या माणसाला पोटच्या पोराचा पत्ता दूधवाल्याला विचारावा लागला. अमृता म्हणाली, आता गोरखकडून दादाचा नंबरही मिळालाय, तर फोन लावू. आबांनी मान हलवली. "फोनवर न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलनं ते लोणावळ्याला उतरले. धुकं इतकं की फलाटावरची पाटी जवळ जाऊन वाचावी लागत होती. तुंगार्लीच्या वरच्या अंगाला भाड्यानं देतात त्या बंगल्यांची रांग. त्यातल्या एका फाटकाशी सुरज पाहुण्यांच्या गाडीतून बॅगा उतरवत होता. वाळला होता. दाढी वाढलेली. बापाला बघून त्यानं बॅग खाली ठेवली. कुणी कुणाच्या पाया पडलं नाही.

"जयभीम," सुरज म्हणाला. मग म्हणाला, "कुणी आजारी हाय का?"

"न्हाई."

त्यानं बापाला मागच्या बाजूला, स्वतःच्या खोलीत नेलं. खोलीत खाट, शेगडी आणि शालनचा फोटो. भिंतीला राउटर, त्याखाली पाहुण्यांसाठी चिकटवलेला पासवर्डाचा कागद. सुरजनं चहा ठेवला.

"डोंगरावर जातोस का अजून?" काहीतरी विचारायचं म्हणून आबांनी विचारलं.

"आईच्या नंतर न्हाई गेलो." त्यानं शेगडीकडे बघतच सांगितलं. "वर गेलं की फोन काढून बघायचो सारका. तसं उडवत न्हाईत माणसं."

आबा येताना गाडीत सगळं जुळवून आले होते: मी बोललो ते रागाच्या भरात, झालं गेलं पवनेला मिळालं, घरी चल. ते तोंड उघडणार तोच सुरज म्हणाला, "आलो व्हतो म्या. एकडाव."

"कवा?"

"आईच्या स्मृतिदिनाला."

आबांनी कप खाली ठेवला.

"गल्लीच्या तोंडाशी हुबा व्हतो. दिवा दिसत व्हता ओट्यावरचा. वाटलं जावं. पन तुमी सगळ्यांच्या म्होरं बोललाव ते डोक्यातनं जाईना. मग म्हणलं, आबा तोंडानं बोलत्यात, हातानं करत न्हाईत. बगू तरी. थोडा अलीकडं आलो आन् नव्या फोनात पासवर्ड टाकला. आईचं नाव, तुमचा नंबर. घेतला त्यानं. बदलला न्हाई म्हणून बरं वाटलं." त्यानं भिंतीवरच्या राउटरकडे बघितलं. "मग नुसतं फिरत राहिलं. पत्ता देईना. लय वेळ थांबलो, परत परत टाकून बगितलं. ते कशानं होतं ते मीच शिकवलंय तुमाला, आबा. नंबर कुटपर्यंत वाटायचे ते आतनं बसून कुणीतरी बंद करावं लागतं. घरात दुसरं कोण व्हतं करायला? म्हणलं, टोकन काढलं म्हणलं व्हतं, ते खरंच काढलं. गेलो निगून."

खोलीबाहेर पाहुण्यांची पोरं स्विमिंग पूलमध्ये उड्या मारत होती. ती संध्याकाळ आबांना जशीच्या तशी आठवत होती. मेणबत्ती, हिरवा ठिपका, खुर्चीतलं ते समाधान. आत बसून ते दूधवाल्याला माफ करत होते, आणि बाहेर त्यांचा मुलगा आईच्या नावानं पुन्हा पुन्हा दार वाजवत होता.

"म्या बंद केलं," आबा म्हणाले. "तुज्यासाठीच केलं रं. तुजं टोकन म्या काडलंच न्हाई. ते हाय अजून. त्यो गोरख..." त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. फोन, भाडेकरू, ठिपका. सांगताना त्यांचं त्यांनाच कळत होतं, की हे खोटं बोलणाऱ्या माणसासारखं वाटतंय. सुरज ऐकत होता. मधेच त्याचा चेहरा वाकडा झाला, हसायला आलं की रडायला ते आबांना समजलं नाही.

"एकडाव दार उगडून बगायचं व्हतं, आबा."

"व्हय," आबा म्हणाले.

पुढून कुणीतरी हाक मारली, पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी येत नव्हतं. सुरज उठला. आबांनी विचारलं, रविवारी येतोस का. रविवारी तर जास्त गर्दी, तो म्हणाला. मग मधल्या वारी? "बगतो," सुरज म्हणाला आणि गेला. नंतर परत येऊन त्यानं बापाला रिक्षात बसवून दिलं आणि स्टेशनपर्यंतचं रिक्षावाल्याला नीट समजावून सांगितलं, आबा बहिरे असल्यासारखं, दोनदा.

घरी आल्यावर आबा संगणकाशी बसले. अमृता मागे उभी राहिली, पण तिला त्यांनी हात लावू दिला नाही. नंबर वाटायची हद्द त्यांनी दोनशेपर्यंत वाढवली. ज्याला पासवर्ड माहीत असेल त्याला आता पत्ता मिळणार होता, गल्लीतल्या भाडेकरूंनाही. मग त्यांनी सुरजच्या नावावर बाण नेला आणि ते नाव खोडून तिथे सावकाश 'गोरख' लिहिलं. आता यादीत सुरज कुठेच नव्हता.

दिवेलागणीला मोटरसायकल आली. आबा बाहेर गेले. गोरख घाईघाईनं गाडी पुढे सरकवायला लागला.

"राहू दे हितंच," आबा म्हणाले. "आत ये. चहा घे."

चहा झाला, गोरख गेला, अंधार पडला तरी आबा ओट्यावरच बसून होते. अमृतानं दारातून सांगितलं, हवेत गारठा आहे, आत येऊन बसा, दादा आला तर यादीत दिसेलच.

"यादीत न्हाई बगायचं आता," आबा म्हणाले. "तू झोप. म्या हितं बसतो थोडा."

अमृतानं त्यांना घोंगडी आणून दिली. दार तिनं लोटलं नाही.